ड्रायव्हरशेजारची अर्धी जागा

सई आणि अन्वय,

गेल्या महिन्यात अन्वयला गाडी चालवायचं लायसन्स मिळालं आणि त्याने फोनवर मला परीक्षेतला एक नियम ऐकवला. मागून येऊन जो धडकतो, चूक त्याची. "इतकं सोपं आहे, आजी. आणि आता तर गाडीत कॅमेराच असतो. मग तुझं कोर्ट इतकी वर्षं ठरवत काय होतं?" सई मागून हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला राग आला. अन्वयवर नाही. तो राग जुना आहे, आणि या अंकाच्या संपादिकेने कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर तोच सगळ्यात आधी वर आला. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं करून लिहिते. बाकीच्या वाचकांनी आजीबाईंना सांभाळून घ्यावं.

अलिबागच्या कोर्टात मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालतात. मी वकील म्हणून जन्मभर तेच काम केलं, आणि नेहमी जखमींच्या बाजूने. विमा कंपन्यांनी दोनदा विचारलं होतं. त्यांची फी चांगली असते, चहाही चांगला असतो. मी गेले नाही.

आमच्याकडे कोणाला तुरुंगात पाठवत नाहीत. ते फौजदारी कोर्टाचं काम. आमच्यापुढे प्रश्न एवढाच असतो, की इजा कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाली आणि तिची भरपाई कोणी करायची. निष्काळजीपणा म्हणजे दुष्टपणा नव्हे. त्या रस्त्यावर, त्या वळणावर, शहाण्या माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेणं, म्हणजे निष्काळजीपणा. पुरावाही फाशीच्या खटल्यासारखा लागत नाही. तराजू एका बाजूला स्पष्ट झुकला की पुरे.

हे सांगायला सोपं वाटतं. पेणकडचे एक ट्रकमालक होते. त्यांच्या ट्रकचे ब्रेक उतारावर गेले आणि एका मोटारसायकलवाल्याचा पाय गेला. मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून शांतपणे म्हणाले, "देवाची करणी. त्याला मी काय करणार?" मी विचारलं, ट्रकची काळजी कशी घेता? ते म्हणाले, "नवा घेतला तेव्हा सगळ्यात आधी पालीला नेला. बल्लाळेश्वरासमोर हार घातला." "आणि गॅरेजमध्ये कधी नेला होता?" ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "ते ड्रायव्हरला विचारा." बल्लाळेश्वराने आपलं काम केलं असेलच, पण ब्रेक तपासणं त्याच्याकडे नव्हतं. तो दावा आम्ही जिंकलो.

आता कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. कधी चूक एकाच गाडीवाल्याची असते. कधी दोन गाडीवाल्यांची मिळून असते. अशा वेळी बिचारा प्रवासी कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आपसातला हिशेब त्यांनी आपसात करायचा. आणि कधी जखमी माणसाची स्वतःचीही थोडी चूक असते. मग तेवढी भरपाई कापली जाते. विमा कंपन्यांचा जीव या तिसऱ्या तऱ्हेवर आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाकडे पाहून त्यांना पहिला प्रश्न सुचतो तो हा, की हा तिथे काय करत होता?

मंजुळाबाईंना त्यांनी हाच प्रश्न विचारला.

मंजुळाबाई मुरुडच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची आणि रेवदंड्याच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. जायचं मिनिडोरने. मिनिडोर म्हणजे मोठी रिक्षा. कायद्याने सहा माणसांची, प्रत्यक्षात मावतील तितक्यांची. ड्रायव्हरची सीट रुंद असते. तो थोडा सरकून बसतो आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर आणखी एक प्रवासी घेतो.

त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या सून सुनंदाला घेऊन. उजवा हात कोपरापासून वाकडा, आत सळई घातलेली, बोटं मिटत नव्हती. डाव्या हातात पिशवी होती, ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"बांगडं हायत. पापलेट परवडत न्हाय. हात बरा झाला का पापलेट आनीन."

"मंजुळाबाई, हात कितपत बरा होईल, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय म्हननार? तो म्हनतो, डाव्या हातानं शिका." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "लग्नात हिला मासळी कापता येत नवती. आता हीच माझा उजवा हात."

सुनंदा हसली नाही. तिचा नवरा वर्षातले आठ महिने खोल समुद्रात असायचा. घर चालत होतं ते सासूच्या पाटीवर, म्हणजे मासळीच्या टोपलीवर. ती पाटी आता उचलायची कोणी, हा प्रश्न घेऊन त्या दोघी आल्या होत्या.

अपघात झाला तो काशीदच्या पुढच्या चढावाच्या वळणावर. मुलांनो, तिकडे परदेशात तुम्ही उजव्या बाजूने गाडी चालवता, इथे आपण डावीकडून चालवतो, हे ध्यानात धरा. काशीद सोडून रेवदंड्याकडे निघालं की डाव्या हाताला समुद्र असतो आणि खाली खडक, म्हणून कठडा. उजव्या हाताला डोंगर. मुंबईहून काशीदला येणाऱ्यांचं नेमकं उलटं. त्यांनी डोंगराला धरून यायचं. पण त्या वळणावर एकदम समुद्र उघडतो, आणि समुद्र दिसला की माणसं नजरेबरोबर गाडीही समुद्राकडे नेतात. इथल्या प्रत्येक रिक्षावाल्याला हे माहीत आहे. तो वळणाआधी हॉर्न देतो आणि कठड्याला चिकटून चालतो.

दत्तू, म्हणजे मिनिडोरचा ड्रायव्हर, तसाच चालला होता. मंजुळाबाई त्याच्या उजव्या अंगाला, अर्ध्या जागेवर, पायाशी पाटी घेऊन. समोरून एक मोठी उंच गाडी आली, मुंबईचे तीन मित्र शनिवार-रविवार घालवायला निघालेले. मिनिडोरची उजवी बाजू तिने पुढून मागेपर्यंत खरवडून काढली. मंजुळाबाईंचा हात मध्ये सापडला.

यानंतर जे झालं ते मी किती दाव्यांत पाहिलं असेल. दत्तू आणि गावातले लोक जखमी बाईला घेऊन दवाखान्यात धावले. ज्यांना खरचटलंही नव्हतं ते गाडी चालवणारे साहेब त्याच गाडीने थेट पोलीस ठाण्यात गेले आणि फिर्याद देऊन मोकळे झाले, की रिक्षा ठासून भरली होती आणि आमच्या अंगावर आली. आधी पोहोचला तो फिर्यादी. रक्त थांबवत बसला तो आरोपी. दत्तूवर गुन्हा दाखल झाला. हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही, पण रस्त्यावर हाच कायदा चालतो.

बरं, पोलीस पंचनाम्याला पोहोचेपर्यंत वळणावर काय उरलं होतं? काही नाही. जवळच्या वाडीतल्या बायका कळश्या घेऊन आल्या. त्यांनी सांडलेली मासळी वेचली, काचा झाडून कठड्याखाली लोटल्या, रस्ता धुतला, नारळ फोडला आणि घरी गेल्या. इथली रीतच आहे ती. माणसाचं रक्त रस्त्यावर तसंच टाकून कोणी चुलीपाशी जात नाही. शिवाय काचेवरून पाहुण्यांच्या गाड्यांची चाकं फाटतील, ही काळजी. पाहुण्यांची! टायरच्या खुणा, काचांचा सडा, मासळी पडल्याची जागा, यावरून गाड्या नेमक्या कुठे भिडल्या ते कळलं असतं. पंचनाम्यात आलं, "रस्ता स्वच्छ आहे." मी त्या वाडीत जाऊन विचारलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे घान ठेवायला पायजे व्हती?" तिच्यावर रागावणार कसं? तिने माणुसकी केली होती. ती माणुसकी नंतर त्या मोठ्या गाडीच्या विमा कंपनीच्या वकिलांनी आमच्याविरुद्ध वापरली, राग आहे तो त्याचा.

हे वकील सभ्य गृहस्थ होते. कॅन्टीनमध्ये मला म्हणाले, "मॅडम, तडजोड करून टाका. बाई ड्रायव्हरशेजारी बसली होती, हे तर तुम्ही नाकारणार नाही?"

"नाही नाकारणार."

"मग तिचीही चूक आलीच की."

"ती बसली नसती तर तुमच्या साहेबांची गाडी आपल्या बाजूला राहिली असती का?"

ते हसले. "चहा घ्या," म्हणाले.

साहेबांची उलटतपासणी मी सकाळी घेतली. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, उत्तरं पाठ. मी माझ्या डाव्या बाजूलाच होतो. रिक्षा माझ्याकडे आली. मी थांबलो. पुन्हा विचारलं तरी तेच. अन्वय, उलटतपासणीत ओरडायचं नसतं, ते सिनेमात असतं. चुकीबद्दल बोलताना माणूस सावध असतो. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल बोलताना तो सैल सुटतो. म्हणून मी त्यांना त्यांच्या त्रासाबद्दल विचारलं.

"तुम्हालाही फारच मनस्ताप झाला असेल."

"झाला म्हणजे! नवी गाडी. पुढच्या काचेवर मासळी, बॉनेटवर मासळी. आठवडाभर वास गेला नाही."

"गाडीतून लगेच उतरता आलं?"

"कसलं उतरता येतंय? दार अर्धंच उघडलं. कठडा आडवा आला. आडवा होऊन बाहेर पडलो, बूट मासळीत. खाली पाहिलं तर खडक. मीच मेलो असतो."

"कुठल्या दाराने उतरलात?"

"माझ्या. ड्रायव्हरच्या."

"आणि उतरलात तेव्हा गाडी धडकून जिथे थांबली, तिथेच होती?"

"एक इंचही हलवली नव्हती," ते ठासून म्हणाले. तोवर गाडी हलवली नाही, हा त्यांना आपला प्रामाणिकपणा वाटत होता.

कंपनीच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं होतं. तुमच्यासाठी सांगते. आपल्याकडे ड्रायव्हर गाडीत उजवीकडे बसतो. साहेब डोंगराच्या बाजूला असते, तर त्यांच्या दारात आणि समुद्राच्या कठड्यात अख्खी मिनिडोर जाईल एवढा रस्ता उरला असता. दार कठड्याला लागतं याचा अर्थ एकच. मिनिडोरला खरवडत तिच्या मागे जाऊन थांबली, तेव्हाही गाडी समुद्राच्या बाजूला होती. दत्तूच्या बाजूला. बायकांनी धुऊन टाकलेला रस्ता साहेबांनी स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडून दिला.

तिथे दावा संपायला हवा होता. संपला नाही. गाडीची चूक सिद्ध झाली, तरी बाईची चूक उरतेच, असं म्हणत कंपनीने पुढचा साक्षीदार आणला. सावंत, बँकेत कारकून, मिनिडोरमध्ये मागे बसलेले. त्यांच्याकडून एवढंच वदवायचं होतं, की मागे एक जागा रिकामी होती. म्हणजे बाईने आपखुशीने धोक्याची जागा घेतली.

याआधी मंजुळाबाईंनाही हेच विचारून झालं होतं. त्यांची साक्ष मला शब्दशः आठवते.

"मागे जागा होती ना, बाई?"

"व्हती."

"मग पुढे का बसलात?"

"मागं मना कोन बसू देतंय?"

"कोणी नको म्हणालं होतं का?"

"म्हनायला कशाला पायजे, साहेब? मी पाटी घेऊन चढले का सगली नाकाला रुमाल लावतात. तुमी लावाल का न्हाय? खरं सांगा."

कोर्टात हसू फुटलं. कंपनीचे वकीलही हसले. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. कोणी काही म्हटल्याचा पुरावा नव्हता, नुसता रुमाल होता.

म्हणून सावंत उभे राहिले तेव्हा मी त्यांना रुमालाबद्दलच विचारलं. हा माणूस खोटारडा नव्हता. तो घाबरट होता, आणि घाबरट माणसाला सरळ विचारलं की तो बऱ्याचदा खरं बोलतो.

"मागे जागा रिकामी होती. मंजुळाबाईंनी तिकडे पाहिलं?"

"पाहिलं."

"मग?"

सावंतांनी कंपनीच्या वकिलांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी मान वर केली. "सांगा."

"आम्ही... म्हणजे सगळेच... मी म्हटलं, मावशी, पाटी घेऊन आत नको. ऑफिसला जायचंय. तुम्ही पुढे बसा." मग घाईघाईने म्हणाले, "हे रोजचंच आहे, साहेब. मासळीवाल्या पुढेच बसतात. दत्तू त्यांच्यासाठी ती जागा ठेवतोच."

या वेळी हसलं कोणीच नाही, आणि न्यायाधीशांनी प्रत्येक शब्द लिहून घेतला.

बाहेर व्हरांड्यात सावंत मला गाठून म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण कपड्यांना वास लागतो हो." मंजुळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

"सावंतभाऊ, रविवारी सुरमई घेता तवा वास न्हाय येत? की रविवारी नाक घरी ठेवून येता?"

सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. सावंतांना जिना सापडेना.

निकाल लागला. गाडीवाल्यांचा निष्काळजीपणा पूर्ण सिद्ध, दत्तू निर्दोष, भरपाई कंपनीने द्यायची. पुढच्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं, की अर्जदार बाईने धोका माहीत असूनही ड्रायव्हरशेजारची जागा स्वीकारली, सबब काही अंशी दोष तिचाही, आणि तेवढी भरपाई कापण्यात येते. "स्वीकारली" हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. जणू कोणी तिला ती जागा हार घालून अर्पण केली होती! आधी तुम्ही तिला आत घेत नाही. मग बाहेर बसली म्हणून तिला दोष देता. सावंतांची साक्ष त्याच निकालात वरच्या पानावर उतरवलेली, आणि खालच्या पानावर हे. माझ्या सबंध कारकिर्दीत मी एवढी संतापले नाही. ऑफिसात दार लावून मी टेबलावर फाइल आपटली, आणि कारकुनाने बाहेरून विचारलं, "मॅडम, काही पडलं का?"

मंजुळाबाईंना मी निकाल वाचून दाखवला.

"म्हंजे माझी चूक?"

"थोडी, असं लिहिलंय."

"कोनती?"

मी निकालाचं ते पान पुन्हा उलटून पाहिलं. कायद्यात मुरलेली मी, इंग्रजीत शिकलेली, पण त्या पानात तिची चूक मलाही सापडेना. ती नव्हतीच, म्हणून.

"पैसं पुरतील तवडं पुरतील," त्या म्हणाल्या. "पर नातवंडं इचारतील, आजे, तुजा हात कशानं गेला? मी काय सांगू? माज्या चुकीनं? ती चूक पुसा, बाय."

आम्ही मुंबईला हायकोर्टात अपील केलं. ते किती रखडलं ते लिहीत बसत नाही. कंपनीला वाट पाहणं परवडतं. डाव्या हाताने मासळी विकणाऱ्या बाईला परवडत नाही. त्या काळात सुनंदा पाटी उचलायला शिकली आणि मंजुळाबाई बाजारात बसून भाव सांगायला लागल्या. माझा मुद्दा एका ओळीचा होता. जखमी माणसाच्या वागण्यामुळे अपघात घडायला हातभार लागला, तरच तो त्याचा दोष. बाई मागे बसली असती, तरी ती गाडी त्या बाजूला आलीच असती. ड्रायव्हरशेजारी प्रवासी बसवला, हा फार तर रिक्षाचा नियमभंग. त्याची वजावट प्रवाशाच्या हातातून करता येत नाही. हायकोर्टाने हे मान्य केलं आणि कपात रद्द केली.

मी फोन केला नाही. स्वतः रेवदंड्याच्या बाजारात गेले. मंजुळाबाई एका गिऱ्हाइकाशी कोळंबीवरून भांडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी डावा हात वर करून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आयका गो, माजी चूक नवती! मुंबईच्या कोर्टानं सांगितलंय!" शेजारची कोळीण म्हणाली, "आमाला ठावंच व्हतं, मुंबईला उशिरा कलतं." मग मंजुळाबाई त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "तुमी कशाला थांबलाय? भाव तोच हाय." मला त्यांनी पापलेट दिलं. कबूल केलं होतं, म्हणाल्या. मी पैसे काढले, तर रागावल्या.

तर अन्वय, कॅमेरा चांगला आहे. तो त्या वळणावर असता, तर साहेब पिंजऱ्यात तेवढं पाठांतर करून आले नसते. पण गाडी निघायच्या आधी, थांब्यावर, मागच्या सीटवरून कोण काय म्हणालं, ते तो दाखवत नाही. त्यासाठी कोणीतरी उभं राहून विचारावं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं लागतं. माझं कोर्ट इतकी वर्षं हेच ठरवत होतं. कधी नीट ठरवलं, बऱ्याचदा उशिरा ठरवलं.

गेल्या आठवड्यात मी काशीदला गेले होते. थांब्यावर एक मिनिडोर उभी होती आणि सुनंदा पाटी घेऊन चढत होती. तिचे केस पिकायला लागलेत. तिने मला पाहून हात केला.

"सुनंदा, मागे जागा आहे की," मी म्हटलं.

मागे दोन मुली बसल्या होत्या, मोबाइलमध्ये डोकं घालून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि रिकाम्या जागेवर बॅग सरकवली.

"असू दे, बाय," सुनंदा म्हणाली. "पाटी हाय ना." आणि ती ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला बसली. तिने उजवा हात मात्र आत, पदराखाली घेतला.

ते वळण आता रुंद केलं आहे आणि कठडा नवा आहे. मंजुळाबाई अजून आहेत, घरी नातवंडांना सांभाळतात आणि हात कशाने गेला ते बरोबर सांगतात. हायकोर्टाचा निकाल माझ्या कपाटात आहे. ड्रायव्हरशेजारची ती अर्धी जागाही अजून आहे, आणि तिच्यावर अजून मासळीवालीच बसते.